निम्मी सांधणी

मागाच्या सामानाची यादी मी केली होती. लाकडी चौकट एक, फणी एक, धोटे तीन, कापड गुंडाळायचा दांडा एक, पायपट्ट्या दोन. अशा अकरा नोंदी. प्रत्येकीपुढे लांबी-रुंदी. नोकरीची सगळी वर्षे मी वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या. ही यादीही दोनदा तपासली. लिहिले होते त्यात चूक नव्हती.

माग माझ्या काकांचा, वडिलांच्या धाकट्या भावाचा. इतवारीच्या बाजारामागे विणकरांची गल्ली आहे, तिथे त्यांचे घर. वडिलांनी तरुणपणीच माग सोडून कारकुनी धरली आणि आम्ही सीताबर्डीजवळ भाड्याच्या घरात राहायला गेलो. त्यामुळे विणकाम मी सुट्टीत पाहिले, शिकलो नाही. तेव्हा गल्लीत घरोघरी माग होते. एकेक करून ते गेले. माणसे दुकानात, शाळेत, बँकेत कामाला लागली. शेवटी काकांचा एकच राहिला.

इथे मागाविषयी थोडे सांगावे लागेल. लुगडे विणून झाले की कापून घेतात, पण सगळे सूत काढत नाहीत. फणीच्या फटींतून गेलेल्या उभ्या धाग्यांची वीतभर टोके मागावरच सोडतात. नवे सूत लावताना त्याचा एकेक धागा या जुन्या टोकांना जोडायचा. बोटाला चिमूटभर राख लावायची, दोन टोके एकत्र पिळायची, दुमडायची, मग पुढचा धागा. असे दोन हजारांवर धागे. याला सांधणी म्हणतात. काकांच्या घरी ती काकू करत. आजोबांनी माग पहिल्यांदा भरला, त्यानंतर तो कधी रिकामा झाला नव्हता. प्रत्येक नवे सूत आधीच्या सुताला जोडलेले होते.

काकू गेल्या तेव्हा सांधणी निम्मी झाली होती. डावीकडून सुरुवात करून त्या मध्यापर्यंत आल्या होत्या. दुपारी छातीत दुखते म्हणून उठल्या, राखेची वाटी कोनाड्यात ठेवली. दवाखान्यातून परत आल्या नाहीत. काकांची नजर तोवर मंदावली होती. उजवीकडची टोके त्यांना दिसेनात, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देववेना. तीन वर्षे माग तसाच राहिला. रोज सकाळी ते त्यावरची धूळ झटकत. डावीकडून सुरुवात करत, मधोमध येऊन थोडे थांबत, मग उरलेले झटकत.

पुढे शहरातल्या एका जुन्या बंगल्यात हस्तकलेचे दालन उघडायचे ठरले. तिथल्या व्यवस्थापक बाई घरी आल्या, चहा घेतला आणि माग मागितला. काकांच्या मुलाला खोली मोकळी हवी होती.

"न्या," काका म्हणाले. "पण सूत आहे तसंच राहू द्या. तुमच्याकडे कोणी शिकलेली बाई असन, तर उरलेली सांधणी तिच्याकडून करून घ्या. मी बाजूले बसतो. मले दिसत नाई, पण बोटाले समजते."

"नक्की, काका. तुम्हीच बसून लोकांना दाखवायचं," बाई म्हणाल्या.

अट तोंडी होती. लिहून घ्यायचे काम माझ्याकडे होते. मी यादी लिहिली.

माग काढायला दोन कारागीर आले. काका समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे ठोकाठोक ऐकू येते, दिसत काही नाही. मी आत उभा राहून एकेक वस्तू निघाली की यादीवर खूण करत होतो. फणीपाशी एक कारागीर थांबला.

"साहेब, हे धागे मधात येऊन राहिले. यादीत हायत काय?"

मी यादी पाहिली. "नाही," म्हणालो.

उत्तर बरोबर होते. त्याने फणीच्या पुढून आणि मागून कात्री चालवली. अट मला त्यानंतर आठवली.

खाली पडलेला झुपका मी उचलला, पिशवीतल्या त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळला. बाहेर आलो तेव्हा काकांनी ओट्यावरूनच विचारले, "सूत नीट गेलं ना गा?"

"यादीतलं सगळं गेलं, काका," मी म्हणालो.

पुडी मी घरी कपाटात खालच्या फळीवर ठेवली. उन्हाळा आणि सगळा पावसाळा ती तिथेच होती. काका आठवड्यातून एकदा फोन करत. "सांधणी झाली काय?" मी सांगे, "अजून नाही." हेही खरे होते. खोटे न लिहिता कमी सांगणारी वाक्ये मी बरीच वर्षे लिहिली होती.

हिवाळ्यात दालनाने रविवारी सकाळी जुन्या विणकर वस्तीचा फेरफटका सुरू केला. पहिल्या खेपेला काकांना पाहुणे म्हणून बोलावले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि खिशात राखेची छोटी डबी ठेवली. डबी मी पाहिली.

डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या घेतलेले बारा-पंधरा लोक आले. बाई पुढे, मी काकांचा कोपर धरून मागे. गल्लीच्या तोंडाशी बाईंनी सांगितले की इथे सूत ताणून त्याला खळ लावत.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत," काका म्हणाले. "दोन माणसं कुंचा घेऊन जात. तोवर सायकल बंद. पोस्टमन वाकून खालून जाये. एकदा त्याच्या टोपीले खळ लागली, तर आठ दिवस आमच्या घरची पत्रं आली नाई."

लोक हसले. मागून टेम्पोने हॉर्न वाजवला आणि सगळे भिंतीला चिकटले.

काकांच्या घरात मागाचा खड्डा दाखवायचा होता. विणणारा त्यात पाय सोडून बसतो. मुलाने तो फरशी घालून बुजवला होता आणि वर फ्रिज आला होता. बाईंनी तिथे उभे राहून खड्ड्याची माहिती दिली. दोघा-तिघांनी फ्रिजचा फोटो काढला.

समोरच्या ओट्यावर काकांच्या वयाचे शेजारी बसले होते. तेही एके काळी विणत.

"आमचा माग बंबात गेला, तुमचा बंगल्यात गेला," ते म्हणाले. "एकेकाचं नशीब हाय गा."

"तुह्या मागानं पाणी तरी तापलं," काका म्हणाले. "माह्याचं काय झालं, ते पाहून येतो."

"पाहतो म्हणे. दिसते काय तुले?"

"हात हायत."

तिथून मेट्रोने दालनात गेलो. परत फिरण्याचे निमित्त मला वाटेत तीनदा सुचले. एकदाही सांगितले नाही.

माग एका चौथऱ्यावर उभा होता. लाकडाला पॉलिश, वर दिवा, भोवती दोरी, बाजूला माहितीचा फलक. तिथे सांधणी करणारी बाई नव्हती. व्यवस्थापक बाईंनी दोरी बाजूला केली. काकांनी चौथऱ्याच्या कडेला बसून डबी काढली, मांडीवर ठेवली आणि उजवा हात फणीवर डावीकडून ठेवला. सूत भरलेल्या फणीवरून बोट फिरवले तर आवाज येत नाही. रिकाम्या फणीचा येतो, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा. तो सगळ्यांना ऐकू आला. काका मधोमध थांबले. मग उजव्या टोकापर्यंत गेले. आवाज तोच.

एका गृहस्थांनी विचारले, "काका, यावर आता विणता येईल का?"

"लाकूड चांगलं हाय," काका म्हणाले. डबी त्यांनी खिशात ठेवली.

बाई दुसऱ्या वस्तूंकडे वळल्या. लोक त्यांच्या मागे गेले. आम्ही दोघे बाहेर आलो.

"तू होता ना तिथं?"

"होतो."

"कापलं कोणी?"

"कारागिरानं. त्यानं विचारलं होतं. यादीत नव्हतं."

"यादी कोणाची?"

"माझी."

मेट्रोत ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. माझे स्थानक आधी येते. ते आले तेव्हा मी उतरलो नाही, त्यांना घरी सोडले. दारात ते म्हणाले, "जा आता. जेवायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी घेऊन गेलो. काय आहे ते सांगितले. काकांनी ती मांडीवर घेऊन उघडली आणि झुपक्यात बोटे घातली. बराच वेळ एकेक धागा चाचपत होते.

"हा तिचा. हाही तिचा. ती पीळ आखूड घेये. घाई असे तिले." जोड नसलेला धागा हाताशी आला की तो ते बाजूला करत. थोड्या वेळाने त्यांच्या बोटांखाली कागद कुरकुरला.

"हा पेपर हाय काय?"

"हो."

"काहून गा पेपरात ठेवलं? सुताले शाई लागते." त्यांनी झुपका उचलून माझ्यासमोर धरला. "पाह्य बरं. डाग पडले काय?"

मी पाहिले. बाहेरच्या धाग्यांवर काळपट डाग होते. काही ठिकाणी अक्षरांच्या उलट्या ओळी उठल्या होत्या.

"राख आहे," मी म्हणालो. "काकूंच्या बोटांची."

"असन," ते म्हणाले. त्यांनी झुपका काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि कोनाड्यात वाटीशेजारी ठेवला. कागद मला परत दिला. मी त्याची घडी करून पिशवीत टाकली.

पुडी बांधली त्या दिवशी सूत पांढरे होते.