लिव्हरवरचा हात

दुपारची झोप मला कधीच धड येत नाही. संध्याकाळी विमान न्यायचंय म्हणून हॉटेलचे पडदे ओढून पडलेय. एसीची घरघर ऐकता ऐकता ती इंजिनाची वाटायला लागते, आणि शेजारच्या खुर्चीत दादा बसलेला असतो.

खुर्ची आमच्या सांगलीच्या जेवणाच्या टेबलाची. अंगावर कॅप्टनचा गणवेश. गेल्या चैत्रात धावपट्टीच्या अलीकडे, उसाच्या शेतात विमान पाडून तो गेला. सोबत कितीतरी माणसं घेऊन.

"चहा घेतलास, निमू?"

"चहा गेला खड्ड्यात. हात कुठे होता तुझा?"

मला वैमानिक त्यानेच केलं. उतरताना यंत्र आपलं आपण इंजिनाचा जोर सांभाळतं, तरी हात जोर कमीजास्त करणाऱ्या लिव्हरवर आणि डोळा वेगावर, हे त्याने माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं. आणि स्वतः?

"मांडीवर," तो म्हणतो. शरमसुद्धा नाही. "ऑटो लावलं होतं मी."

"लागलंच नव्हतं! लिव्हर मागेच पडून होते, इंजिनांना जोरच नव्हता. शेजारी बसलेला तुझा को-पायलट, पेंडसे, तुला 'सर, स्पीड' म्हणाला. रेकॉर्डिंग ऐकवलंय मला चौकशीवाल्यांनी. तू काय म्हणालास?"

"बघेल ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उठायला जाते तर पट्टा खांद्यात रुततो. टेबल कुठेच नाही. समोर काच, काचेपलीकडे धावपट्टी, आणि वेगाचा आकडा भराभर खाली येतोय.

"स्पीड, दादा!"

"बघेल ते. कॅप्टन मी आहे."

"आई रोज त्या पेंडसेच्या नावाने बोटं मोडते. त्याच्यामुळेच तू गेलास म्हणते. तोही मेलाय रे, त्यालाही आई आहे!"

दादा आता कुठे माझ्याकडे बघतो. "आईला नको सांगूस, निमू."

एवढंच. मेलेल्यांबद्दल एक शब्द नाही. मी डाव्या हाताने लिव्हर पुढे ढकलते. तो वरून माझा हात दाबून धरतो. त्याच्या अंगात एवढा जोर येतो कुठून? मी त्याला नाही नाही त्या शिव्या घालते, रडते आणि ढकलत राहते.

जाग येते तेव्हा पडद्याच्या फटीतून ऊन आलंय. डावा हात ठणकतोय. पंजाच्या पाठीवर आडवे चार लाल वळ आहेत. उजव्या हाताची बोटं त्यांच्यावर ठेवून बघते. वळ माझ्या बोटांपेक्षा जाड आहेत.

मी आईला फोन लावते.