हसू तपासणारा

टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहिणारा आणि काढणारा हा माणूस खालापूरच्या आमच्या चहाच्या टपरीवर कधी बसत नाही. हातात कप घेऊन येरझारा घालत तो नवा प्रसंग वाचतो आणि आमचे चेहरे न्याहाळतो. मागच्या महिन्यात त्याची मालिका बंद पडायच्या बेतात होती. एक म्हातारी घसरून पडते असा प्रसंग त्याने वाचला, तेव्हा त्याला धीर यावा म्हणून मी मोठ्याने हसलो.

टपरीवाली मावशी म्हणाली, "मला नाय हसू आलं रं भाऊ. म्हातारीला पाडलंस, पन लागलं का ते कुनी इचारलंच नाय."

त्याने तिथूनच फोन करून दुसऱ्या दिवशीचं शूटिंग थांबवलं. मग माझ्याकडे वळला. "तुम्हाला खरंच हसू आलं होतं?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून तो वाचताना माझ्याकडे बघत नाही.