सरांच्या हाताची थरथर

आमचे सर ऑपरेशन करायचे तेव्हा त्यांना सिस्टरकडे हत्यार मागावं लागत नसे. नुसता हात पुढे आला की तिला कळायचं. जबलपुरातल्या अर्ध्या मराठी घरांतली पित्ताशयं त्यांनीच काढली असतील, माझ्या आईचंही. मला टाका घालायला त्यांनीच शिकवलं, शिव्या देत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कुणी बोलायच्या आत त्यांनी ऑपरेशनं बंद केली आणि राइट टाउनच्या घरी कुंड्यांना पाणी घालू लागले. मला ते बघवेना.

तेव्हा आमच्या हॉस्पिटलात रोबोट आला होता आणि सर्जनांना तो शिकवायचं काम माझ्याकडे होतं. रोबोट आपणहून काही करत नाही. सर्जन बाजूला कन्सोलवर बसून बोटं हलवतो, तसे यंत्राचे हात रोग्याच्या पोटात हलतात. थरथर तेवढी यंत्र गाळून टाकतं. मी धावतच सरांकडे गेले. "सर, तुमच्यासाठीच बनवलंय बघा!"

"गुरूची विद्या गुरूला काय?" ते हसले. "चलो, शिकव."

तिशीतल्या डॉक्टरांच्या बॅचमध्ये ते बसले. पडद्यावर कड्या खुंट्यांवर अडकवायचा सराव असतो. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या सांडल्या आणि माझ्यावरच चिडले. दहाव्या दिवशी मात्र असा टाका घातला की अख्खी बॅच उठून बघायला आली. चिमट्याचं टोक जराही हललं नव्हतं. सर त्या टोकाकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरले, माझेही.

पण शेवटची परीक्षा वेगळी असते. समजा, पोटात रक्त उसळलं, तर यंत्र बाजूला सारून, टेबलाशी येऊन, स्वतःच्या हातांनी पोट उघडायचं आणि रक्तवाहिनी चिमट्यात धरायची. पोट नकली, रक्त म्हणजे लाल पाणी, पण घड्याळ खरं. यात नापास झालेल्याला कन्सोलवर बसता येत नाही. हे मी प्रत्येक बॅचला दोनदा सांगते. सरांच्या बॅचला एकदाच सांगितलं, तेही भरभर.

सरांचा चिमटा वाहिनीपाशी गेला, हुकला. पुन्हा गेला, पुन्हा हुकला. कुणी मान वर करेना. मी घड्याळ थांबवलं आणि कागदावर 'नापास' लिहिलं. लिहिताना माझा जीव तुटत होता.

"बरोबर लिहिलं," हातमोजे काढत सर म्हणाले. "दुसरं काही लिहिलं असतं तर कान उपटला असता."

मी जिन्यापर्यंत त्यांच्यासोबत गेले. तिथे ते थांबले. "मी तर सोडून दिलं होतं ना गं. घरी बसायची सवय होऊन राहिली होती. मग काहून बोलावलं मला?"

"तुमच्यासाठी, सर."

ते मान हलवून जिना उतरले. मी अर्धंच खरं बोलले होते. त्या यंत्रापाशी शिकवत उभी असलेली मी त्यांना दिसावी, ही माझी हौस होती, आणि तिच्यापायी त्यांना ऑपरेशन दुसऱ्यांदा सोडावं लागलं.