मधला चेहरा

रोज दुपारी चार वाजता फोन विचारतो, ‘आज कसं वाटतंय?’ पुढच्या भेटीपर्यंत हे रोज भरायचं, असं समुपदेशक मॅडमनी सांगितलंय. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे असतात. मी मधला दाबते आणि चहा टाकते. महिनाभराची रेघ ओट्याच्या कडेसारखी सरळ आलीय.

काल मॅडमनी त्या रेघेवरच्या एकुलत्या उंच ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘मंगळवारी काय छान घडलं?’

मला आठवेना. घरी येऊन आईला विचारलं.

‘तू झोपली होतीस. फोनवर आलं, कसं वाटतंय. मी आपलं हसरं तोंड दाबलं. मला कुणी कधी विचारलंच नव्हतं गं.’

हे ऐकूनही आत काही हललं नाही. आज मात्र चार वाजता फोन मी आधी तिच्यापुढे धरला.