तीन गवतांची कणीक

जाण्याच्या आधी आई माझ्या बायकोला म्हणाली होती, "माझ्या तेराव्याला पोळ्या तूच कर." तेराव्याला कर्जतच्या घरी काका आले आणि त्यांनी बजावले, "सूनबाई परजातीची हाय. निवदाच्या कणकेला तिचा हात नगं."

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. दुःखातही ती खोड सुटत नाही. म्हणालो, "काका, गव्हाच्या पेशीत तीन वेगवेगळ्या गवतांच्या गुणसूत्रांचे संच असतात. कणीकच परजातीची आहे."

काका विचारात पडले. शुद्धतेच्या बाबतीत माणूस अत्यंत प्रामाणिक. म्हणाले, "मंग बाजरीच्या करा."

काकूंनी बाजरीच्या पिठात पुरण भरले. पहिली पोळी पोळपाटावर फुटली, दुसरी तव्यावर. तिसरी करण्याऐवजी काकूंनी पोळपाट माझ्या बायकोपुढे सरकवला. तिने गव्हाची कणीक मळली, आईने शिकवली होती तशी, तेलाच्या हाताने बराच वेळ तिंबून.

पहिली पोळी आईच्या फोटोपुढे ठेवली. काकांनी चार खाल्ल्या आणि यंदाची बाजरीच चांगली नव्हती, असा निष्कर्ष काढला.