मोजायची राहिलेली मूठ

त्या श्रावणात माझी श्रद्धा पार आटली होती, हे आधीच सांगून टाकते. लढाईचे दिवस, घरात रॉकेलचा ठणठणाट, आणि माझे यजमान तीन वर्षांपासून भ्रमात. जवळ कोणी नसताना त्यांना आवाज ऐकू यायचे. चूल पेटवायला बसले तर काडी हातात धरून पुढे काय करायचं तेच विसरायचे, आणि मग चिडून भांडी भिरकावायचे. अंगारे झाले, उतारे झाले. शेवटी थोरल्या दिरांनी, नानांनी ठरवलं, की श्रावणात घरी बसवतो त्या आमच्या खानदेशच्या देवीचं, कानबाईचं, विसर्जन झालं की यांना दूरच्या एका देवस्थानी साखळीला ठेवून यायचं. तिथून परत आलेलं कोणी मी पाहिलं नव्हतं.

आमच्या असोद्याच्या घरी कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. त्या वर्षी पाच पुरुषांच्या घरात नानांनी चौघांचेच मोजले. "त्याचे कायले मोजू? तो का आता मानसात हाये?" म्हणाले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. यांचा मार खाऊन मी विटले होते. मनातल्या मनात मी कानबाईकडे यांच्यापासून सुटकाच मागितली.

दुपारी धुळ्याकडची एक म्हातारी कासारीण बांगड्या भरायला आली. गोठ्यात बांधलेल्या यांचा ओरडा ऐकला आणि माझा हात सोडून ती सरळ आत गेली, यांच्यापुढे मांडी घालून बसली. पिठात विष आहे असं आवाज सांगतात, हे म्हणाले. ती हसली नाही, की खोटं आहे असंही म्हणाली नाही. "तुले भ्याव वाटस ना भाऊ? मंग भ्याव वाटस, इतलंच म्हण. भांडं नको फेकू." तिने दोर सोडला, यांना जात्याशी बसवलं. मला काय झालं कोण जाणे, मोजायचे राहिलेले सव्वा मूठ गहू मीच कणगीतून आणून दिले. "थोडा टाक. आते फिरव. आते थांब." हे एकेक गोष्ट मोठ्याने बोलत करत गेले. मधेच थांबले, "भीती वाटते," म्हणाले, आणि पुन्हा खुंटा धरला. तीन वर्षांत यांच्या हातून पुरं झालेलं ते पहिलं काम.

पीठ घेऊन हे नानांपुढे उभे राहिले. "नाना, माझी मूठ राहिली होती." नानांनी ते पीठ रोटाच्या पिठात मिसळलं. विसर्जनानंतर देवस्थानी जायची गाडी जुंपली गेली नाही. कासारीण मात्र माझ्या एकाच हातात बांगड्या भरून निघून गेली होती, ती पुन्हा कधी दिसली नाही.

आवाज काही गेले नाहीत. माझा मारही सगळा चुकला नाही. कित्येक दिवस हे भिंतीकडे तोंड करून नुसते पडून असायचे, आणि मी कानबाईला बोल लावायची. पण कधीकधी भांडं उचललेला हात थांबायचा. "भ्याव वाटस," हे तिच्याच बोलीत म्हणायचे आणि जात्याशी जाऊन बसायचे. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि हे गेले.

यंदा नानांनी पुन्हा चौघांचेच गहू मोजले. या वेळी चूक नव्हती, तरी मला ते बघवलं नाही, मी जात्यापाशी जाऊन रडले. ती बाई कोण होती याचा मी खल करत नाही. आता देवीकडे मागत काही नाही, जे देईल ते घेते. एकदाच मागितलं होतं. ते तिने दिलं नाही, तिचे उपकार मी कसे फेडू?