पाच तासांची भाकर

सोनाकाकूंना मी फसवलं, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सुरुवातीला खोटं मात्र एक अक्षर बोललो नव्हतो. आमच्या धंद्यात त्याची गरज पडत नाही.

बुऱ्हाणपुरात रेल्वे-विमानाच्या बुकिंग ऑफिसात मी कारकून होतो. ते दिवस जोडाजोडीचे. संस्थानं विलीन झालेली, विमान कंपन्या एक होऊन सरकारी झालेल्या. टाइमटेबल सारखं बदलायचं, म्हणून लोक आमचाच शब्द धरायचे.

काकूंच्या लेकीला, सुमनला, कलकत्त्याचा इंजिनिअर सांगून आला. पोरीला पसंत. पण काकूंच्या घरचा नियम होता : सकाळी बांधलेली भाकर मऊ असेतो लेकीच्या दारात पोचता आलं पाहिजे.

सुमन आधी येऊन गेली. "दादा, आई विचारायला येईल. कलकत्ता जरा करीब करा ना."

"हजार मैल आहे मुंबईहून. शहर काय सरकवू?"

"शहर राहू द्या. तास सरकवा."

दुसऱ्या दिवशी काकू हजर. "भाऊ, कलकत्ता किती दूर?"

"मुंबईहून विमानानं साधारण पाच तास, काकू."

"खाली पाचच तास? डोईफोडियाला माहेरी जायला बैलगाडी याहून जास्त घेते!"

याला फ्लाइंग टाइम म्हणतात. चाकं जमीन सोडतात तिथून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचा वेळ. घर, स्टेशन, वाट बघणं त्यात धरत नाहीत. हे मी सांगितलं नाही.

काकू गेल्यावर आमच्या ऑफिसचे शेठ बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आणि मुंबईपर्यंत?"

"ते त्यांनी विचारलं नाही, शेठ."

शेठ इतके हसले की चहा सांडला. लग्न झालं.

पुढे सुमनला दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून काकूच निघाल्या. फडक्यात भाकर बांधून ऑफिसात आल्या. "ते पाच तासवालं तिकीट दे."

आमच्याच स्टेशनवरून कलकत्ता मेल थेट हावड्याला जायची. तसं सुचवलं.

"मेलनं का? विमान पाच तास म्हणाला होता ना?"

खरं सांगितलं असतं तर सुमनही पकडली गेली असती. मी तिकीट काढलं. मुंबईच्या गाडीत बसवायला गेलो, तर काकू खिडकीतून ओरडल्या, "काय रे भाऊ, कलकत्ता उगवतीला, अन्‌ ही गाडी मावळतीला तोंड करून उभी!"

"विमानाला धाव घ्यायला मागं जावं लागतं, काकू."

त्यांना पटलं. मला अजून त्या उत्तराचं हसू येतं, आणि लगेच थांबतं.

मुंबईत हवा बिघडली. दोन दिवस विमान उडेना. काकू पोचल्या तेव्हा नातू होऊन गेला होता. सुमननं रात्रभर आईच्या नावानं हाका मारल्या होत्या. मेलनं गेल्या असत्या तर काकू तिच्या उशाशी असत्या.

परत आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर भाकर ठेवली. ठण्णकन वाजली.

"ही तुझी पाच तासांची."

शेठ हसले. मीही हसलो. काकू म्हणाल्या, "हसू नका हो. पोरगा हिशेबात कच्चा आहे, पण मनाचा साफ."

तेव्हापासून कुणी प्रवासाचा वेळ विचारला की मी त्याच्या उंबऱ्यापासून मोजतो. धंदा थोडा कमी होतो.

काकू आता थकल्यात. सिंधीपुऱ्यात त्यांचं घर माझ्या दारापासून चालत पाच मिनिटं आहे. मी हिशेबात कच्चा नव्हतो, एवढं त्यांना सांगणं अजून देणं लागतो.